मेडिकल पास

माझे अब्बा आयुष्यात कुणाशी खोटं बोलले नाहीत, फक्त डॉक्टरांशी बोलले. ते मात्र पस्तीस वर्षं, न चुकता आणि हसतमुखाने.

त्यात त्यांचा दोष नव्हता, धंद्याचा होता. अब्बा म्हणजे पूर्णगडचे अयूब सुखाणी. परदेशी जाणाऱ्या मालवाहू जहाजांवर ते सुकाणू धरायचे. दर वेळी जहाजावर चढायच्या आधी मुंबईत मेडिकल व्हायची. त्यात डॉक्टरने कागदावर 'अनफिट' लिहिलं की माणूस बॅग उचलून घरी, आणि घरी सात-आठ तोंडं त्याची वाट बघत बसलेली. म्हणून आमच्याकडचा खलाशी एक गोष्ट पक्की शिकून घ्यायचा. डॉक्टरने काहीही विचारलं तरी उत्तर 'नाही'. खोकला? नाही. चक्कर? नाही. कसं वाटतंय? 'फर्स्ट क्लास, डॉक्टर!' गावातली मोठी माणसं पोरांना दोराच्या गाठी शिकवायची, त्याच बैठकीत हेही शिकवायची.

मी रत्नागिरीच्या एका हायस्कुलात गणित शिकवते. खोटं बोलणारं पोर मी वर्गाच्या दारातून ओळखते, अशी माझी ख्याती आहे आणि मला तिचा गर्वही आहे. बापाच्या बाबतीत मात्र मी ठार आंधळी निघाले.

गोष्ट २००९ सालची. त्या फेब्रुवारीत अब्बा माझ्या भावाकडे, फुजैलकडे, दोह्याला गेले होते. तिथे बाजारात चक्कर येऊन पडले. त्यांचं हृदय मध्येच ठोका चुकवत होतं. फुजैलने त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं आणि डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवून घेतला. महिनाभराने अब्बा घरी आले ते खजूर, सुगंधी तेल आणि नवी कोरी तब्येत घेऊन. चढण चढताना धाप लागत नव्हती. अम्मी, माझी आई हफीजा, आल्यागेल्याला सांगायची, "आता यांच्या छातीत घड्याळ हाय, मना अलार्म लावायची गरज नाय."

पण पावसाळ्यात पाय बिघडले. आधी कमरेत चमक यायची. मग तळव्यांना बधिरपणा आला. एकदा अब्बा मशिदीतून घरी आले तेव्हा एका पायात चप्पल होती आणि दुसरा पाय अनवाणी, चिखलाने माखलेला. चप्पल कुठे गळून पडली ते त्यांना कळलंच नव्हतं. शेजारच्या गंगुबाई ती हातात घेऊन मागून आल्या, तेव्हा अब्बांनी "मुद्दाम सोडली, चावत होती" असं ठोकून दिलं.

अम्मीने उपाय सुरू केला. रोज संध्याकाळी ती ओसरीवर बसून अब्बांचे तळवे तेलाने चोळायची. चोळता चोळता विचारायची, "कळतां काय?" अब्बा म्हणायचे, "कळतां तर! कालच्यापेक्षा जास्त कळतां." मग ती आणखी जोरात चोळायची. शनिवारी मी घरी गेले की मला ऐकवायची, "बघ, माझ्या हाताला गुण हाय."

नोव्हेंबरात मात्र अब्बा आमच्या दारातल्या पायरीवर पडले. मी त्यांना ओढतच रत्नागिरीला हाडांच्या डॉक्टरांकडे आणलं. त्यांनी पायावर हातोडी मारून पाहिली, तळव्यावर किल्ली ओढून पाहिली आणि मला बाजूला घेतलं. "कमरेत नस दबलीय. किती आणि कुठे, ते एमआरआयशिवाय दिसणार नाही. सीटी काढून आणलात तरी त्यात नीट कळणार नाही. उशीर करू नका, बाई. अजून दोन-तीन महिने असेच गेले तर पाय परत यायचे नाहीत." मी हे अब्बांना जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकून घेत होते आणि नखाने चपलेचा अंगठा कुरतडत होते. माझा बाप त्या दिवशी मला पहिल्यांदा म्हातारा दिसला.

त्या वर्षी शहरात एमआरआयचं एक नवं सेंटर निघालं होतं. आम्ही तिघं तिथे गेलो. आत पंख्याखाली बाकडी, भिंतीवर चुंबकापासून सावध करणारी लाल पाटी आणि खिडकीत वेदिका नावाची टेक्निशियन. लांज्याची होती, तिशीची, कामात चोख. तिने फॉर्म पुढे केला. मी पेन काढलं तर अब्बा म्हणाले, "मी भरतंय. तू जा, अम्मीला चाय पाजून आण. सकाळपासून उपाशी हाय ती."

मला तिथेच संशय यायला हवा होता. अब्बांनी स्वतःहून फॉर्म भरल्याचं मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण मी गेले, चहा पाजला, आले. तोवर अब्बा कपडे बदलायच्या खोलीत गेले होते. वेदिकाने फॉर्म माझ्यापुढे ठेवला. "ताई, नातेवाइकाची सही करा इथे."

सही करण्याआधी वाचायची मला सवय आहे. फॉर्मवर एकाखाली एक दहा प्रश्न होते आणि अब्बांच्या ठसठशीत अक्षरात एकाखाली एक दहा 'नाही'. पूर्वीचं ऑपरेशन? नाही. डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का? नाही. दातांची कवळी? नाही. ही कवळी माझ्यासमोर त्यांनी त्याच सकाळी घासली होती. आणि सगळ्यांत वर, पहिलाच प्रश्न, जाड अक्षरात छापलेला: शरीरात पेसमेकर आहे का? नाही!

"थांबवा!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की बाकड्यावरचं एक लहान पोर रडायला लागलं. "त्यांच्या छातीत पेसमेकर आहे!"

वेदिका जागेवरून उठली. "मी आत नेण्याआधी छाती बघतेच, तोंडीही परत विचारते," ती म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता. तिने कपड्यांच्या खोलीचं दार ठोठावलं. अब्बा हिरवा गाऊन घालून बाहेर आले. गाऊनच्या नाड्या त्यांनी मागे न बांधता पुढे बांधल्या होत्या, गळ्यापर्यंत, खांद्याचा व्रण दिसू नये म्हणून. आणि बांधल्या कशा, तर जहाजाच्या गाठीने. त्या सोडवायला वेदिकाला दोन मिनिटं लागली.

"अब्बा, हे काय केलंत तुम्ही?"

"मग काय करू?" अब्बा भडकले. "हर्ण्याच्या माणसाला पेसमेकर हाय म्हणून परत पाठवला. मना आपल्या मशिदीत सांगितला त्याच्या मेव्हण्याने. खरां बोललां की अनफिट! आणि फोटो नाय काढला तर पाय गेले. मग एकदा आत जाऊन पडायचां, काय होईल ते होईल."

"काय होईल ते होईल?" अम्मीने हातातली पिशवी बाकड्यावर आपटली. "काय झालां असतां ते मना कोणी येऊन सांगितलां असतां? मी बाहेर चाय पीत बसलेली!"

अब्बा गाऊनमध्येच बाकड्यावर बसले. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्या उघड्या, सुजलेल्या, काहीच न कळणाऱ्या पायांकडे बघून रडूही येत होतं. दोन्ही एकदम.

आरडाओरडा ऐकून आतून स्कॅनच्या डॉक्टरीणबाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. त्यांनी आधी फॉर्म पाहिला, मग अब्बांकडे. ओरडतील असं वाटलं, पण त्या अब्बांच्या शेजारी बसल्या. "चाचा, पेसमेकर कधी बसवला? कुठे? त्याचं कार्ड मिळालं असेल ना?"

"कार्ड-बिर्ड काय नाय," अब्बा सवयीने म्हणाले.

"हाय," अम्मी म्हणाली. "घरी हाय. जहाजाच्या कागदांच्या पिशवीत."

मी तिथूनच फुजैलला दोह्याला फोन लावला. त्याने कपाळावर हात मारल्याचा आवाज मला इथे ऐकू आला. "अगो, मी मुद्दाम नव्या प्रकारचा बसवून घेतला! डॉक्टरने स्वतः समजावलं त्यांना, याच्यावर एमआरआय चालतो, फक्त आधी सांगावं लागतं. अब्बांनी मान हलवली. मला वाटलं ऐकतायत!"

अब्बा ऐकत नव्हते. डॉक्टर बोलायला लागला की ते मान हलवतात आणि मनात समुद्रावर जातात.

दुसऱ्या दिवशी मी कार्ड घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी त्यावरचे नंबर पेसमेकरच्या कंपनीला कळवले, हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या आणि मला समोर बसवून नीट समजावलं. साध्या पेसमेकरवाल्याला एमआरआयमध्ये घालत नाहीत, हर्ण्याच्या माणसाला परत पाठवलं ते बरोबरच केलं. पण वर्षभरापूर्वीच हा नवा प्रकार निघाला आहे. नुसती छातीतली डबी नवी असून भागत नाही, हृदयापर्यंत जाणाऱ्या तारासुद्धा त्याच जोडीच्या लागतात. अब्बांच्या दोन्ही तशा होत्या. बसवून दीड महिना उलटलेला हवा, इथे नऊ महिने झाले होते. "आणि मानेचा किंवा छातीचा फोटो हवा असता तर या पेसमेकरलाही मी नाही म्हटलं असतं. तुमचं कमरेचं आहे. होऊ शकेल. पण त्यांनी सांगितलं नसतं आणि आम्ही तसंच आत नेलं असतं, पेसमेकरची सेटिंग न बदलता, तर तो त्या चुंबकात कसा वागला असता याची हमी मी सोडा, तो बनवणाऱ्यानेही दिली नसती."

"म्हणजे खरं बोलले असते तर पहिल्याच दिवशी..."

"पहिल्याच दिवशी नाही. पण हा आरडाओरडा वाचला असता," त्या हसून म्हणाल्या.

हृदयाचे डॉक्टर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मुंबईहून रत्नागिरीला यायचे. बकरी ईद होऊन आठवडा झाला होता, तो शनिवार ठरला. कंपनीचा माणूस, सागर, आदल्या दिवशीच पेटीएवढं यंत्र घेऊन आला होता. आम्ही सकाळी सातला हजर. अब्बांनी ईदचा सदरा घातला होता.

या वेळी फॉर्म डॉक्टरीणबाईंनी स्वतः हातात घेतला. "चाचा, इथे अनफिट करणारा कुणी नाही. जे सांगाल त्यावर मी तुम्हाला सांभाळणार आहे. नाही सांगितलंत तर कशाच्या जोरावर सांभाळू?"

अब्बांनी माझ्याकडे बघितलं, अम्मीकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. मग घसा खाकरला. पेसमेकर? "हाय." कवळी? "वरची, खालची, दोन्ही." कानाचा त्रास? "डावा कान चौऱ्याहत्तर सालापासून बंद हाय." ही आम्हाला बातमी होती. पस्तीस वर्षं अम्मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून बोलत आली होती! डोळ्यात धातूचा कण?

अब्बा घुटमळले. "डेकवर गंज खरवडायचां काम असायचां. हातोडीने. एकदा उडाला काहीतरी उजव्या डोळ्यात. आठ दिवस पाणी येत होतां. कोणाला सांगितलां नाय, पुढच्या महिन्यात मेडिकल होती."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "तो कण अजून आत असेल तर चुंबक त्याला हलवेल. डोळा जाऊ शकतो." त्यांनी लगेच छातीबरोबर डोळ्यांचाही एक्स-रे काढायला पाठवलं. अर्ध्या तासाने निकाल आला. डोळे स्वच्छ होते, छातीतल्या तारा जागच्या जागी होत्या, आणि जुनी सोडून दिलेली एकही तार नव्हती. पण तो अर्धा तास अब्बांनी दोन्ही हात मांडीत घालून काढला. त्या एका 'नाही'ची किंमत त्यांना तिथे कळली असावी.

"आता शेवटचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तळव्यांना स्पर्श कळतो का?"

मी सहज अम्मीकडे पाहिलं. ती उत्तर माहीत असल्यासारखी हसत होती.

"नाय," अब्बा म्हणाले. "पाऊस लागल्यापासून काहीच कळत नाय."

अम्मीचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्याखालचा चेहरा बदलला. "रोज?" ती म्हणाली. "रोज मी विचारत होते, रोज?"

"तुझा हात दुखायचा, तरी तू चोळायचीस," अब्बा खाली बघत म्हणाले. "नाय कसां म्हणू?"

अम्मी उठून खिडकीशी गेली. ओढणीने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि वळून म्हणाली, "पाच महिने! बाटल्यांवर बाटल्या तेल! अयूब सुखाणी, तुमी घरी तर या, मग बघते." पण हे म्हणताना ती येऊन त्यांच्या उजव्या बाजूला बसली, चालणाऱ्या कानाच्या बाजूला. मी फॉर्मवर सही केली.

मग सागरने अब्बांच्या छातीवर हाताएवढं एक चपटं यंत्र ठेवलं आणि आपल्या पेटीच्या पडद्यावर त्यांच्या पेसमेकरशी बोलायला लागला. बॅटरी ठीक, तारा ठीक. एक बटण दाबून त्याने पेसमेकरला एमआरआयच्या सेटिंगवर टाकलं. स्कॅन होईपर्यंत तो बाहेरच्या गडबडीकडे लक्ष न देता आपला ठरलेला ठेका धरून राहील, असं त्याने सांगितलं. अब्बांना हे चटकन पटलं. "म्हणजे बंदरात शिरताना पायलट चढतो तसा. तेवढ्यापुरता जहाज त्याच्या हाती, कप्तान बाजूला."

"अगदी तसंच, चाचा. बाहेर आलात की परत कप्तान."

अम्मी म्हणाली मीही आत बसणार. वेदिका म्हणाली चालेल, पण अंगावर लोखंड नको. मग अम्मीच्या ओढणीतून आणि झग्यातून पिना निघायला लागल्या. सहा झाल्या, नऊ झाल्या. बाराव्या पिनेला हृदयाचे डॉक्टरही हसायला लागले. बांगड्या, कानातलं, चष्मा, चाव्यांचा जुडगा, सगळं माझ्या ओंजळीत आलं. अब्बांच्या दंडाचा पत्र्यातला तावीजही आला. कानांवर मोठे आवाजरोधक चढवून अम्मी आत स्टुलावर बसली.

मी काचेच्या अलीकडे, डॉक्टरांच्या मागे. अब्बांच्या बोटाला चिमटा, छातीला वायरी, आणि पडद्यावर त्यांच्या हृदयाची हिरवी रेघ. शेजारी शॉक द्यायचं यंत्र तयार ठेवलं होतं, गरज पडणार नाही असं सगळे म्हणत असूनही. फळी आत सरकली. मग धडधड सुरू झाली, कुणी पत्र्यावर घण घालावा तशी. रेघ सरळ चालली होती. ठोका, ठोका, ठोका. मला इतकं सुंदर काही कधी वाटलं नाही. गणिताची बाई आहे मी, सारख्या अंतरावरच्या गोष्टी मला आवडतातच, पण त्या दिवशी मी प्रत्येक ठोक्याला मनात पैकीच्या पैकी देत होते.

पहिला टप्पा संपला. वेदिकाने माईक उघडला. "चाचा, कसं वाटतंय?"

आता काय येणार ते मला पाठ होतं. मी ओठांत म्हटलंही, फर्स्ट क्लास, डॉक्टर.

स्पीकर खरखरला. अब्बांचा आवाज आला, लहान, कवळीविना बोबडा. "भीती वाटते, बाय."

वेदिकाने माझ्याकडे पाहिलं. हृदयाचे डॉक्टर माईककडे वाकून म्हणाले, "वाटू दे, चाचा. मी तुमच्या हृदयाकडेच बघतोय. ते मात्र बिलकूल घाबरलेलं नाही." आत अम्मीने कानांवरचं काढलं नव्हतं, तिला शब्द ऐकू आले नसणार. पण तिने हात पुढे करून अब्बांचं मनगट धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

चाळीस मिनिटांनी ते बाहेर आले. सागरने लगेच पेसमेकर पुन्हा मूळ सेटिंगवर आणला, सगळं तपासलं आणि अंगठा वर केला. डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवले. कमरेतल्या दोन मणक्यांमधली चकती मागे सरकून नसांच्या जुडग्यावर बसली होती, स्पष्ट, कुणालाही दिसेल अशी. "ही काढता येते," त्या म्हणाल्या. "पाय पूर्ण परत येतील असं वचन देत नाही. पण वेळेत आलात." त्या दिवशी आम्ही चौकात बसून भरपूर फालुदा खाल्ला, आणि अब्बांनी वेटरलासुद्धा, त्याने न विचारताच, सांगितलं की मना शुगर नाय पण पेसमेकर हाय.

डिसेंबरातच मुंबईला ऑपरेशन झालं. जानेवारीच्या अखेरीस अब्बा काठी घेऊन ओसरीपर्यंत येऊ लागले. एका शनिवारी मी घरी गेले तर अम्मी तेलाची वाटी घेऊन बसलेली. मी म्हटलं, अजून?

"गप," ती म्हणाली, आणि तिने डावा तळवा चोळायला घेतला. "कळतां काय?"

"नाय," अब्बा म्हणाले.

तिचा हात थांबला. डावा पाय खाली ठेवून तिने उजवा मांडीवर घेतला. "आणि हा?"

अब्बा डोळे मिटून बसले होते. "अंगठ्याजवळ," ते हळूच म्हणाले. "तुझा हात गार हाय गो."

अम्मीने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, दोन्ही एकाच वेळी. "डाव्याला नाय म्हणाले," ती मला म्हणाली, "म्हणजे हे खरां हाय." मग तिने दोन्ही हात आपल्या ओढणीला घासून घासून गरम केले आणि पुन्हा त्याच अंगठ्यावर ठेवले.